विषय हातात होता, रिसर्च प्रॉब्लेम सापडायचा होता

एमएसडब्ल्यूच्या (मास्टर ऑफ सोशल वर्क) दुसऱ्या वर्षाला डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा, विषय द्यायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे विषय तयार होता. फील्डवर्क हॉस्पिटलच्या सोशल वर्क डिपार्टमेंटला चालू होतं, न्यूरोच्या वॉर्डात रोजचं जाणं-येणं, पॅरालिसिसचा झटका आलेले पेशंट आणि त्यांच्यासोबतचे नातेवाईक सतत समोर, त्यामुळे मी लिहून दिलं, ‘पक्षाघाताच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांच्या समस्यांचा अभ्यास’. गाइड मॅडमनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, “यातलं तुला काय माहीत नाहीये?”

मला पटकन काही सांगता आलं नाही. मग मॅडमनी तिथेच बसवलं आणि म्हणाल्या, या लोकांच्या ज्या समस्या तुला आत्ता माहीत आहेत त्या लिहून काढ बरं. मी लिहायला लागले. झोप होत नाही, पैसे संपतात, कामावरून रजा मिळत नाही, पेशंटला उचलून उचलून पाठ धरते, घरात चिडचिड वाढते, बाकीची भावंडं फोनवर सल्ले देतात पण येत नाहीत, बायकांवर जास्त भार पडतो, स्वतःची दुखणी अंगावर काढली जातात... पान भरलं. मॅडम म्हणाल्या, “आता तू लोकांकडून प्रश्नावली भरून घेतलीस तर काय उत्तर येईल?” हेच आलं असतं. फक्त टक्केवारीत आलं असतं.

तिथून माझी खरी सुरुवात झाली. पुढे बरेच आठवडे फक्त प्रॉब्लेम ठरवण्यात गेले आणि बॅचमधले बाकीचे टूल, म्हणजे माहिती गोळा करायची प्रश्नावली वगैरे, बनवायला लागले तरी मी अजून एका वाक्यावरच अडलेले होते, पण ते आठवडे मला आजही सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्युनियर्स विचारतात की टॉपिक कसा निवडायचा, तर टॉपिक निवडणं सोपं असतं हो, टॉपिकमधून प्रॉब्लेम काढणं हे खरं काम असतं.

पहिली गोष्ट मला कळली ती ही की लोकांना होणारा त्रास म्हणजे रिसर्च प्रॉब्लेम नाही. त्रास खराच असतो, मोठा असतो, आपण सोशल वर्कला येतो तेच त्यासाठी, आणि म्हणूनच आपल्याकडे ही गल्लत सगळ्यात जास्त होते. रिसर्च प्रॉब्लेम म्हणजे त्या त्रासाबद्दलची अशी एखादी गोष्ट जी आपल्याला कळलेली नाही आणि ती न कळल्यामुळे काम कुठेतरी अडतंय. हे दोन्ही लागतं. नुसतं माहीत नसणं पुरत नाही, अडणंही दिसलं पाहिजे. मॅडम याला ‘अडतंय कुठे ते दाखव’ असं म्हणायच्या, आणि पुढे प्रत्येक ड्राफ्टवर समासात तेच लिहून यायचं, “अडतंय कुठे?”

मग मी दुसरा ड्राफ्ट केला. यावेळी नेमकं काहीतरी द्यायचं म्हणून लिहिलं की डिस्चार्जनंतर काळजी घेणाऱ्या व्यक्तींमध्ये प्रशिक्षणाचा अभाव आहे आणि त्यामुळे पेशंटला पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागतं. वाचायला एकदम नेमकं वाटतं ना? यावर मॅडमशी जी चर्चा झाली ती मी कधी विसरणार नाही. त्यांचं म्हणणं होतं की “अमुकचा अभाव” असं लिहिलंस की उत्तर तू आधीच ठरवून टाकलंस. प्रशिक्षणाचा अभाव हा प्रॉब्लेम असेल तर प्रशिक्षण हा उपाय, मग रिसर्च कशाला करायचा, उद्यापासून प्रशिक्षण सुरू करू. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं, या वाक्यात दोष कोणाच्या माथी गेला बघ. रात्ररात्र जागणाऱ्या त्या बाईच्या माथी. हॉस्पिटलने काय केलं, डिस्चार्ज किती घाईत दिला, घरातल्या बाकीच्यांनी काय केलं, हे सगळं त्या एका शब्दाने वाक्याच्या बाहेर गेलं.

त्या दिवसापासून मी कुठलाही प्रबंध हातात घेतला की आधी बघते, ‘जागरूकतेचा अभाव’, ‘समुपदेशनाचा अभाव’, ‘शिक्षणाचा अभाव’ असं कुठे लिहिलंय का. फार सापडतं. सोशल वर्कमध्ये माणसाला त्याच्या परिस्थितीसकट बघायचं हे आपण पहिल्या सेमिस्टरला शिकतो आणि रिसर्चचा विषय लिहायला बसलो की परिस्थिती बाजूला ठेवून माणसातच काय कमी आहे ते शोधायला लागतो. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण प्रॉब्लेम ज्या पद्धतीने मांडला जातो त्यावरून पुढचं सगळं ठरतं, प्रश्न कोणाला विचारणार, शिफारशी कोणासाठी लिहिणार, आणि शेवटी बदलायला कोणाला सांगणार.

याच सुमारास मॅडमनी मला हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांचा 1973 चा लेख वाचायला दिला. दोघं नियोजन क्षेत्रातले. त्यांनी सामाजिक प्रश्नांना ‘विकेड प्रॉब्लेम’, म्हणजे सरळ सुटतच नाहीत असे गुंत्याचे प्रश्न, म्हटलं आणि अशा प्रश्नांची दहा लक्षणं सांगितली. त्यातली दोन-तीन माझ्या कामाशी अगदी जुळत होती. असे प्रश्न कायमचे आणि एकाच पद्धतीने मांडता येत नाहीत. प्रत्येक प्रश्न हा दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं लक्षण म्हणून बघता येतो. आणि तुम्ही कारण कुठलं धरता त्यावर उपाय कुठला सुचणार हे ठरतं. हे वाचून मला खरं सांगायचं तर धीर आला. काळजी घेणाऱ्यांचा प्रश्न ओढला की त्याच्याबरोबर पैशांचा येतो, पैशांचा ओढला की नोकरीचा, नोकरीचा ओढला की घरात कामं कोण करतं त्याचा, आणि मला वाटत होतं की मला धागा सोडवता येत नाहीये. तर तो तसा सुटत नसतोच. आपण कुठे कापायचं ते आपल्याला ठरवावं लागतं आणि तिथेच का कापलं हे सांगावं लागतं.

मग वाचन. यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीतच असतं, गूगल स्कॉलर, पबमेड, लायब्ररीत जे डेटाबेस मिळतील ते. शोधायला शब्द सुचत नव्हते तेव्हा पीईओ (पॉप्युलेशन, एक्स्पोजर, आउटकम) वापरलं, म्हणजे लोक कोण, त्यांच्यावर काय गुदरलंय, आणि आपल्याला त्यातून काय बघायचंय, असे तीन भाग करून प्रत्येकाचे पर्यायी शब्द लिहून काढायचे आणि जोड्या लावून शोधायचं. क्वालिटेटिव्ह प्रश्नासाठी हे बरं पडतं. मी एक साधं शीट केलं होतं ज्यात प्रत्येक लेखासमोर कोणाला विचारलं, कधी विचारलं, काय विचारलं आणि लेखकांनी शेवटी काय राहिलं म्हणून सांगितलं एवढंच लिहायचे. निष्कर्ष नंतर लिहायचे.

त्यातला ‘कधी विचारलं’ हा कॉलम मी सहज ठेवला होता पण सगळ्यात कामाला तोच आला. काळजीवाहकांवरच्या ताणाबद्दल प्रचंड लिहिलं गेलंय. स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये हा ताण मोजायची जी मोजपट्टी केली, ती आधी 29 प्रश्नांची होती, नंतर 22 प्रश्नांची जास्त चालली, प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण, एकूण 88, ती आजही जगभर वापरतात. चांगली मोजपट्टी आहे, माझी तक्रार नाही. पण ती भरून घ्यायची तर समोरचा माणूस आधीच काळजीवाहक झालेला असावा लागतो. म्हणजे मी वाचत होते त्या बहुतेक लेखांची गोष्ट जिथे सुरू होत होती तिथे घरात एक व्यक्ती ठरून गेलेली असायची. शीटमधल्या त्या कॉलममध्ये खालपर्यंत हेच, डिस्चार्जनंतर इतक्या महिन्यांनी, डिस्चार्जनंतर इतक्या वर्षांनी. त्याच्या आधी काय झालं? ही व्यक्ती ठरली कशी?

तरीही हे लगेच मॅडमना नेऊन दाखवलं नाही, कारण ‘यावर कमी अभ्यास झालाय’ हे कारण त्यांना चालत नाही हे एव्हाना माहीत झालं होतं. आणि त्यांचं बरोबर आहे. जगात कितीतरी गोष्टींवर अभ्यास झालेला नाही कारण त्याची कोणाला गरज नाही. रिकामी जागा दिसली म्हणजे ती भरलीच पाहिजे असं थोडंच आहे. मला ‘अडतंय कुठे’ हे दाखवायचं होतं आणि ते पुस्तकात मिळणार नव्हतं.

वॉर्डातला एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकून. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी फाइलमध्ये एक फॉर्म भरतात, त्यात एक चौकट असते, प्रायमरी केअरगिव्हर, नाव, नातं, फोन नंबर. एकच चौकट. त्या पेशंटच्या कॉटभोवती मुलगा, मोठी मुलगी आणि अजून एक-दोन नातेवाईक उभे होते, नर्सने विचारलं, घरी कोण बघणार, कोणाचं नाव लिहू? काही सेकंद कोणीच बोललं नाही. मग मुलगा म्हणाला, धाकटीचं लिहा, ती घरीच असते. धाकटी मुलगी त्या वेळी खाली फार्मसीत औषधं आणायला गेली होती. नर्सने नाव लिहिलं, फोन नंबर मुलाने त्याच्या मोबाइलमधून बघून सांगितला, चौकट भरली. पाचेक मिनिटांनी ती पिशवी घेऊन वर आली तेव्हा फिजिओथेरपिस्ट पेशंटला कॉटवरून खुर्चीत कसं बसवायचं ते मोठ्या मुलीला दाखवून निघत होते, कारण त्या वेळी कॉटजवळ ती उभी होती.

असे प्रसंग मी आधीही पाहिले असणार, पण शीटमधला तो कॉलम डोक्यात होता म्हणून यावेळी तो दिसला. मी डिपार्टमेंटमधल्या सीनियर सोशल वर्कर ताईंना विचारलं की असं नेहमी होतं का. त्या म्हणाल्या, “अगं, आम्ही शिकवतो कोणाला, तर त्या वेळेला जो पेशंटजवळ असतो त्याला. घरी करणारं माणूस तेच असेल असं नाही.” आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझा सगळा प्रॉब्लेम उभा राहिला. डिस्चार्जची तारीख ठरली की त्यांना एखाद्या कुटुंबाबरोबर अर्धा-पाऊण तास मिळतो, कधी तोही नाही. त्या वेळात त्या काळजीवाहकाला समजावतात, माहिती देतात, कुठे मदत मिळेल ते सांगतात. पण हे माणूस घरात कसं ठरलं, त्याला कोणी विचारलं का, दुसरा कोणी तयार होता का, हे त्यांना कळत नाही आणि कधी विचारायचं हेही कळत नाही, कारण त्या पोचतात तोपर्यंत नाव लिहून झालेलं असतं. मी विचारलं, ताई, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय वेगळं केलं असतं? त्यांनी जराही न थांबता सांगितलं, मी आधी पोचले असते, आणि एकाशी न बोलता दोघा-तिघांशी एकत्र बोलले असते.

हा प्रश्न, ‘कळलं असतं तर काय वेगळं केलं असतं’, मी तेव्हापासून सगळ्यांना सुचवते. तुमच्या विषयाशी ज्याचं रोजचं काम जोडलेलं आहे अशा माणसाला जाऊन विचारा. त्याला उत्तर देता आलं, आणि ते उत्तर त्याच्या हातातल्या एखाद्या कृतीबद्दल असलं, तर तुमच्याकडे प्रॉब्लेम आहे. तो म्हणाला “चांगलं आहे, करा अभ्यास”, तर अजून नाहीये.

आता दिशा मिळाली होती पण तरी ते पसरट होतंच. कुठले पेशंट, कुठले नातेवाईक, कुठला काळ? इथे एकेक गोष्ट ठरवत गेले. पहिल्यांदाच झटका आलेले पेशंट घ्यायचे, कारण दुसऱ्यांदा आला असेल तर घरात माणूस आधीच ठरलेलं असतं. घरी जाणारेच घ्यायचे, दुसऱ्या संस्थेत जाणारे नाहीत. पेशंटला रोजच्या कामात खरोखर मदत लागत असली पाहिजे, नाहीतर काळजीवाहकाचा प्रश्नच येत नाही, आणि हे अंदाजाने ठरवायला नको म्हणून बार्थेल इंडेक्स घेतला. तो 1965 पासून वापरात आहे, जेवणं, अंघोळ, कपडे घालणं, संडास-लघवीवर ताबा, कॉटवरून खुर्चीत जाणं, जिना चढणं अशा 10 गोष्टी बघून 100 पैकी गुण देतात, आणि आमच्या वॉर्डात तो फाइलला लागलेलाच असायचा. काळ ठरवला अ‍ॅडमिट झाल्यापासून डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांपर्यंत, कारण नाव एकाचं लिहिलं गेलं आणि घरी गेल्यावर करायला दुसरंच कोणी लागलं असंही होतं, ते निसटायला नको.

हे सगळं तसं भराभर झालं. सगळ्यात जास्त वेळ घेतला तो एका प्रश्नाने, की माझ्या अभ्यासाचं एकक कोण? एक व्यक्ती की एक कुटुंब? ऐकायला तांत्रिक वाटतं पण यावर माझा अख्खा प्रॉब्लेम इकडचा तिकडे होत होता. मी फक्त त्या काळजी घेणाऱ्या व्यक्तीची मुलाखत घेतली असती तर मला तिचा अनुभव कळला असता, तिला कसं वाटलं, तिने काय गमावलं. तो अनुभव मोलाचाच आहे. पण माझा प्रश्न होता की हे तिच्याकडे आलं कसं, आणि ही गोष्ट तिच्या एकटीच्या आत घडलेली नाही, ती माणसांमाणसांमध्ये घडलेली आहे, कधी तर तिच्या गैरहजेरीत घडलेली आहे. मग तिला एकटीला विचारून कसं चालेल? ज्याने नाव सांगितलं त्याचं म्हणणं काय, जो गप्प बसला तो का गप्प बसला? म्हणून कुटुंब हे एकक धरलं, आणि प्रत्येक कुटुंबातून कमीत कमी दोन जण, वेगवेगळे बसवून.

आणि हे ठरवल्याबरोबर एथिक्सचे प्रश्न समोर उभे राहिले, जे तोपर्यंत मला फॉर्मच्या शेवटी भरायचा एक रकाना वाटत होते. एकाच घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारायचं म्हणजे एकाने सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत माझ्या बोलण्यातून, अगदी माझ्या पुढच्या प्रश्नातूनही जाता कामा नये. लिहितानासुद्धा अवघड, नाव बदललं तरी भाऊ बहिणीचं वाक्य ओळखणारच ना. शिवाय मी त्याच वॉर्डात फील्डवर्क करत होते, लोकांना वाटू शकतं की हिला मुलाखत दिली नाही तर आपल्याला मिळणारी मदत थांबेल. माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेबद्दलचा 1979 चा अमेरिकेतला बेल्मॉन्ट रिपोर्ट आहे, त्यात तीन तत्त्वं आहेत, व्यक्तीचा आदर, तिचं भलं, आणि न्याय, ती आम्हाला पाठच होती, पण संमती खरी केव्हा असते हे मला या वेळी नीट कळलं. म्हणून माझ्या स्वतःच्या केसेस मी अभ्यासातून पूर्ण वगळल्या आणि संमती घ्यायला डिपार्टमेंटबाहेरच्या माणसाची मदत घेतली.

न्यायाच्या तत्त्वावरून अजून एक गोष्ट निघाली. पेशंटचं काय? त्याची काळजी कोण घेणार हे ठरतंय आणि माझ्या डिझाइनमध्ये त्याला विचारायची जागाच नव्हती. झटक्यानंतर काही जणांची वाचा जाते किंवा शब्द सापडत नाहीत, अफेजिया म्हणतात त्याला, आणि म्हणून अशा पेशंटना अभ्यासातून वगळणं फार सोपं असतं. पण बोलता येत नाही म्हणजे मत नाही असं नव्हे. स्पीच थेरपिस्टना विचारल्यावर कळलं की चित्रं, हो-नाहीचे प्रश्न, जास्त वेळ, असं करून काही जणांशी बोलता येतं. मग ज्यांना समजतं आणि ज्यांची तयारी आहे त्या पेशंटशीही बोलायचं असं ठरवलं. माझं काम वाढलं, पण हे केल्याशिवाय मला पुढे जायचंच नव्हतं.

या सगळ्यात शब्दरचना चालूच होती. आधीच्या एका ड्राफ्टमध्ये मी ‘काळजीवाहकाच्या निवडीचा रुग्णाच्या सुधारणेवर होणारा परिणाम’ असं लिहिलं होतं कारण त्यात वजन वाटतं. मॅडमनी समजावलं की ‘परिणाम’ म्हटलं की तुला तुलना करावी लागणार, सुधारणा मोजावी लागणार, बाकीच्या कारणांचा प्रभाव वेगळा काढावा लागणार, आणि तेवढी माणसं, तेवढा काळ तुझ्याकडे आहे का? शिवाय ताईंना जे हवं होतं ते यातून मिळतच नाही. ‘संबंध’ म्हटलं तरी मोजणं आलंच. मला ‘कसं होतं’ हे विचारायचं होतं, म्हणजे प्रक्रिया, म्हणजे मुलाखती आणि निरीक्षण. आधी प्रश्न आणि मग पद्धत असं सगळे म्हणतात, पण प्रश्नातलं क्रियापद पद्धत कशी आधीच ठरवतं हे एकदा स्वतः वाक्य बदलून बदलून बघितल्याशिवाय कळत नाही.

एक शंका मात्र मला बरेच दिवस छळत होती, की एवढं लहान करत करत मी मूळ गोष्टच सोडून दिली का. मी आले होते बायकांवर पडणाऱ्या ओझ्यासाठी, आणि आता एका फॉर्ममधल्या चौकटीवर बसले होते. यावर मला समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये मांडलेला फरक उपयोगी पडला, व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न. एका घरात धाकट्या मुलीचं नाव लिहिलं गेलं तर ती त्या घराची गोष्ट. पण घराघरात ‘जी घरी असते’ तिचं नाव लिहिलं जात असेल आणि हॉस्पिटलचा फॉर्मसुद्धा एकच नाव मागत असेल तर ते त्या घरापुरतं राहत नाही. म्हणजे प्रश्न लहान ठेवून तो मोठ्या गोष्टीला कुठे जोडलाय हे लिहायचं, मोठी गोष्टच प्रश्न म्हणून घ्यायची नाही. बॅकग्राउंडच्या भागात मला हे सगळं मांडता आलं, मूळ तळमळ कुठेही टाकून द्यावी लागली नाही.

शेवटी शेवटी फायनरची, म्हणजे रिसर्चचा प्रश्न तपासायच्या पाच निकषांची, चाळणी लावली, जमण्यासारखं आहे का, रस आहे का, नवीन आहे का, नैतिक आहे का, उपयोगाचं आहे का. यातलं ‘जमण्यासारखं’ सोडून बाकीचं एव्हाना झालंच होतं. जमण्याबद्दल सांगायचं तर हॉस्पिटलची परवानगी, एथिक्स कमिटीच्या मीटिंगची तारीख, वॉर्डात महिन्याला अंदाजे किती पेशंट माझ्या निकषात बसतात, हे आधी विचारून घ्या आणि मग प्रॉब्लेम पक्का करा. माझ्या बॅचमधल्या काही चांगल्या विषयांचं घोडं इथे अडलं.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, जे लिहिलं ते असं होतं: पहिल्या पक्षाघातानंतर घरी सोडल्या जाणाऱ्या आणि दैनंदिन कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या रुग्णांच्या कुटुंबांत मुख्य काळजीवाहक कोण हा निर्णय कसा घेतला जातो, त्यात कोण सहभागी असतं, आणि हॉस्पिटलची डिस्चार्जची प्रक्रिया त्याला कसं वळण देते. पॅनलने यावर सॅम्पल लहान आहे म्हणून विचारलं, मी म्हटलं मला सगळीकडे काय होतं हे सांगायचं नाहीये, हे घडतं कसं ते समजून घ्यायचंय, आणि त्यांनी ते मान्य केलं. त्यांच्यातल्या एका सरांनी मात्र सांगितलं की पायलट, म्हणजे थोड्या लोकांवर आधी करून बघणं, केल्याशिवाय हे वाक्य पक्कं समजू नकोस.

पायलटमध्ये ते वाक्य खरंच बदललं. मी विचारायचे, तुम्ही कसं ठरवलं, तुमच्यात काय बोलणं झालं, आणि लोक गोंधळून बघायचे. “ठरवलं असं काही नाही, ते आपलं झालं तसं.” “बोलायचं काय त्यात?” एका ताईंनी तर मलाच विचारलं, कोणी ठरवायला पाहिजे होतं का? म्हणजे मी प्रॉब्लेममध्ये ‘निर्णय’ गृहीत धरला होता आणि ज्यांच्याबद्दल लिहीत होते त्यांच्या दृष्टीने निर्णय असा काही झालेलाच नव्हता. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी 1954 मध्ये म्हटलं होतं की सामाजिक अभ्यासात संकल्पना कुठे बघायचं ती दिशा देतात, काय दिसणार ते आधी सांगत नाहीत. मग निर्णयाऐवजी ‘काळजीची जबाबदारी एका व्यक्तीकडे कशी येते’ असं केलं आणि मुलाखतीतला पहिला प्रश्न “कसं ठरवलं” ऐवजी “अ‍ॅडमिट केल्यापासून काय काय होत गेलं ते सांगा” असा ठेवला. त्यानंतर लोक बोलायला लागले, आणि न झालेल्या बोलण्याबद्दलही बोलायला लागले. मॅडमनी त्या ड्राफ्टवर पहिल्यांदाच समासात काही लिहिलं नाही, खाली सही केली.

जे बाजूला ठेवलं त्याची वेगळी फाइल मी करून ठेवलीय. काळजी घेणारे पुरुष, ज्यांच्यावर मला वाचायला कमी मिळालं. दुसऱ्या झटक्यानंतर घरातली जबाबदारी बदलते का. एकटे राहणारे पेशंट, ज्यांच्या फॉर्ममध्ये ती चौकट कोणाच्या नावाने भरायची हेच कोणाला माहीत नसतं. आणि फॉर्ममध्ये एकाऐवजी तीन नावांची जागा दिली तर काय होईल, हा तर ताईंचाच प्रश्न आहे आणि तो कोणीतरी घ्यावा असं मला फार वाटतं. यंदा ज्यांचं फील्डवर्क हॉस्पिटलला असेल आणि यातलं काही घ्यायचं असेल त्यांनी जरूर घ्या, वाचलेल्या लेखांचं शीटही देईन, फक्त त्यातला ‘कधी विचारलं’ हा कॉलम तुमच्या विषयाप्रमाणे नव्याने भरावा लागेल.